घरकामास गेलेल्या आपल्या भगिनी आणि त्यांचे हक्क : एक अभ्यासपाठ

प्रास्ताविक

स्मरणिकेतून दरवर्षी एक तरी अभ्यासपाठ द्यावा, तो विद्यार्थ्यांनी वाचावा आणि त्यावर विहारात चर्चा व्हावी, अशी आपली इच्छा असते. यंदा आम्ही जो विषय निवडला आहे तो शोधण्यासाठी ग्रंथालयात जावे लागले नाही. पेडगावच्या रेल्वे स्टेशनावर तो नजरेस पडतो. कापसाची वेचणी संपत आली की बोचकी आणि पिशव्या घेऊन माणसे परभणीकडे निघतात व तेथून मुंबई-पुण्याची गाडी धरतात. गडी माणूस बांधकामावर लागतो. बाई चार घरची धुणी-भांडी धरते, नाहीतर एखाद्या घरी चोवीस तास राहून पडेल ते काम करते. गावाकडे निरोप येतो की "बरे चालले आहे." खरोखर कसे चालले आहे हे आपण सहसा विचारत नाही.

हा पाठ लिहावासा वाटला त्याला एक प्रसंग कारण झाला. आपल्या भागातील एक भगिनी पुण्यात एका कुटुंबात राहून काम करीत होती. नाव आम्ही देत नाही, कारण तिला पुन्हा कामाला जावयाचे आहे. महिना ९,००० रुपये ठरले होते. पहिले तीन महिने पगार तिच्या भावाच्या बँक खात्यावर आला. पुढे मालकीणबाई म्हणाल्या, "तुझे पैसे आम्ही जपून ठेवतो, गावी जाताना एकदम देऊ." असे आठ महिने गेले. अकराव्या महिन्यात तिला ताप भरला. दोन दिवस पडून राहिली, तिसऱ्या दिवशी ५,००० रुपये हातावर ठेवून तिला गाडीत बसवून दिले. आठ महिन्यांचे ७२,००० रुपये होतात. त्यातून ५,००० वजा जाता ६७,००० रुपये येणे राहिले.

आम्ही तिच्याकडे चौकशीला गेलो तेव्हा तिने सांगितलेले एक वाक्य आमच्या मनात घर करून राहिले. ती म्हणाली, "बाई तशा चांगल्या होत्या हो. दिवाळीला साडी दिली, लेकरासाठी कपडे दिले. मी आजारी पडले म्हणून बिघडले."

या वाक्यात सगळा विषय आला आहे. मालकीण चांगली की वाईट, यावर जोपर्यंत कामकरी बाईचे पोट अवलंबून आहे तोपर्यंत तिला हक्क नाही, फक्त नशीब आहे. हा मुद्दा आपण टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

१. गाव का सुटते?

मराठवाड्याच्या माणसाला स्थलांतर नवे नाही. १९७२ च्या दुष्काळाने हजारो कुटुंबे शहराच्या वाटेला लावली. २०१५-१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आजच्या विद्यार्थ्यांनीही पाहिले किंवा ऐकले आहे. मात्र दुष्काळ हेच एकमेव कारण मानणे चुकीचे ठरेल. पाऊस बरा झाला तरी ज्याच्याकडे जमीन नाही त्याला वर्षभर काम नाही. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी झाली की शेतातील मजुरी आटते. दवाखाना, लग्न, मुलांची फी यांसाठी काढलेले कर्ज मात्र आटत नाही.

काही कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. काही शहरात जातात. शहरात गेलेल्या बाईला विना-शिक्षण, विना-ओळख लगेच मिळणारे काम एकच असते, ते म्हणजे घरकाम. हे काम तिला "येतेच" असे सर्वजण गृहीत धरतात, म्हणून त्याला कसब मानले जात नाही, आणि कसब मानले जात नाही म्हणून त्याचा दर कमी राहतो. तान्ह्या मुलाला सांभाळणे, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची शुश्रूषा करणे, दहा माणसांचा स्वयंपाक वेळेवर उरकणे या गोष्टी कसबाशिवाय होत नाहीत, हे ज्याने एक दिवस करून पाहिले त्याला कळेल.

२. छळ कशाला म्हणावे?

छळ म्हटला की मारहाण डोळ्यांपुढे येते. मारहाण होतेच, पण छळाची सुरुवात पुष्कळ आधी होते. आम्ही परत आलेल्या भगिनींशी बोललो त्यावरून त्याचे प्रकार असे लावता येतात.

पहिला प्रकार पगाराचा. खाडा झाला की पगार कापणे, रजा न देणे, "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून पगार अडकवून ठेवणे. अडकलेला पगार हा बाईला बांधून ठेवण्याचा दोर असतो. ती काम सोडून गेली तर मागचे पैसे बुडतात, म्हणून ती सोडत नाही.

दुसरा प्रकार वेळेचा. बाहेरून येणारी बाई निदान घरी तरी जाते. राहणाऱ्या बाईला सकाळी किती वाजता उठावे हे ठरलेले असते, रात्री किती वाजता निजावे हे ठरलेले नसते.

तिसरा प्रकार अपमानाचा. वेगळा कप, वेगळी ताटली, संडास वापरण्यास मनाई, इमारतीच्या लिफ्टमध्ये मज्जाव. आडनाव आणि गाव विचारून मग स्वयंपाकघरात घ्यायचे की फक्त भांड्यांना ठेवायचे हे ठरवणे. ही अस्पृश्यताच होय, तिने फक्त पत्ता बदलला आहे.

चौथा प्रकार चोरीच्या आळाचा. घरातील वस्तू सापडेनाशी झाली की पहिला संशय बाईवर येतो. वस्तू पुढे कपाटातच सापडते, तोवर बाईचे काम आणि अब्रू दोन्ही गेलेली असतात.

पाचवा प्रकार डांबून ठेवण्याचा. मोबाईल काढून घेणे, आधारकार्ड ठेवून घेणे, बाहेरून कुलूप लावून जाणे.

सहावा प्रकार देहावरील अत्याचाराचा. यावर बाई बोलत नाही, कारण बंद दाराआड साक्षीदार नसतो. २००९ साली मुंबईत एका सिनेनटावर घरकामगार मुलीवरील बलात्काराचा खटला झाला. मुलीने पुढे साक्ष फिरवली, तरी वैद्यकीय व प्रयोगशाळेच्या पुराव्यावरून जलदगती न्यायालयाने २०११ मध्ये त्यास सात वर्षांची शिक्षा सुनावली, व त्याने वरच्या न्यायालयात अपील केले. यातून घ्यावयाचा धडा असा की अशा प्रसंगी ताबडतोब वैद्यकीय तपासणी होणे आणि अंगावरचे कपडे न धुणे फार महत्त्वाचे आहे. साक्षीदार दबावाखाली येऊ शकतो, पुरावा येत नाही.

३. वेठीपासून पगारापर्यंत

घरकामगाराचा प्रश्न आपणांस परका वाटण्याचे कारण नाही. आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या वेठ केली आहे. कामाची वेळ नाही, कामाची यादी नाही, मोबदला म्हणजे कुणी दिला तर भाकरतुकडा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, त्यामागे हाच विचार होता की काम ठरलेले असावे आणि मोबदलाही ठरलेला असावा. आपला मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता, म्हणून ते विधेयक आपणांस लागू होणार नव्हते, परंतु वेठीचे जोखड इकडेही तसेच होते.

त्याच वर्षी बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी कामकरी स्त्रीला बाळंतपणाच्या आगेमागे विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे अशी बाजू मांडली. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारी कायदेदुरुस्ती १९४६ सालची आहे. पुढे संविधानात अनुच्छेद २३ अन्वये माणसांचा व्यापार, बिगार आणि सक्तीची मजुरी यांस बंदी आली. १९८२ साली एशियाड स्पर्धेच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे हीदेखील अनुच्छेद २३ खालील सक्तीची मजुरीच होय. भुकेची सक्ती ही सुद्धा सक्तीच असते, हा त्या निकालाचा गाभा आहे.

मग घरकामगार मागे का राहिली? कारण कामगार कायदे कारखाना, खाण, दुकान अशा जागा डोळ्यांपुढे ठेवून केले गेले. घर हे खाजगी, तेथे निरीक्षक जाणार नाही, हजेरीपुस्तक असणार नाही. गिरणीत हजार कामगार एका भोंग्यावर येत, त्यांचा संघ उभा राहिला. घरकामगार मात्र हजार घरांत एकेकटी असते. तिच्या दुबळेपणाचे मूळ या एकटेपणात आहे.

४. काली दासीची परीक्षा

आता ज्या कथेकडे आम्ही विद्यार्थ्यांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो ती मज्झिम निकायातील एकविसाव्या सुत्तात, ककचूपम सुत्तात, आली आहे. तथागतांनी ती भिक्खूंना क्षमाशीलता शिकवण्यासाठी सांगितली. आपण ती आमच्या शब्दांत पाहू.

श्रावस्तीत वेदेहिका नावाची एक गृहिणी होती. शांत, नम्र, सौम्य अशी तिची सगळीकडे कीर्ती होती. तिच्याकडे काली नावाची दासी होती. काली कामाला चोख होती. एकदा कालीच्या मनात आले की आपली मालकीण खरोखर शांत आहे, की आपण काम वेळेवर करतो म्हणून तिला राग यावयास कारणच मिळत नाही? म्हणून ती एके दिवशी उशिरा उठली. मालकिणीने कपाळाला आठ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी ती आणखी उशिरा उठली. मालकिणीने कठोर शब्द वापरले. तिसऱ्या दिवशी त्याहून उशिरा उठली, तेव्हा मालकिणीने दाराची खीळ घेऊन तिच्या डोक्यात मारली आणि रक्त आले. काली ते रक्ताळलेले डोके घेऊन शेजाऱ्यांकडे गेली आणि "पाहा, या शांत बाईचे कृत्य" असे सर्वांना दाखविले. वेदेहिकेची कीर्ती त्या दिवशी संपली.

सुत्तातील उपदेश असा की अप्रिय गोष्ट समोर आल्यावर जो शांत राहतो तोच खरा शांत. परंतु ज्यांच्या आयाबहिणींनी घरकाम केले आहे त्यांना या कथेत आणखी एक सत्य दिसेल. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या काली दासीने ते ओळखले होते. काम सुरळीत असताना दाखवलेला चांगुलपणा हा पुरावा नव्हे. बाई आजारी पडते, उशिरा येते, पगारवाढ मागते, त्या दिवशी खरी परीक्षा होते. आपल्या पुण्याच्या भगिनीची मालकीण दहा महिने चांगली होती. तापाच्या तिसऱ्या दिवशी ती परीक्षेत नापास झाली. कालीने आणखी एक गोष्ट केली, ती म्हणजे गप्प बसली नाही. बंद घरात घडलेले तिने गल्लीत आणले. आजच्या भाषेत यालाच तक्रार नोंदवणे म्हणतात.

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाची कर्तव्ये सांगितली आहेत. तेथे सेवक व कामकरी यांच्याविषयी धन्याची पाच कर्तव्ये येतात. शक्ती पाहून काम द्यावे. अन्न आणि वेतन द्यावे. आजारपणात शुश्रूषा करावी. घरात विशेष गोडधोड झाले तर त्यात वाटा द्यावा. वेळेवर सुट्टी द्यावी. सेवकानेही लवकर उठावे, दिलेलेच घ्यावे, काम नीट करावे, अशी त्याची कर्तव्येही तेथे सांगितली आहेत. कर्तव्य दोन्ही बाजूंना आहे, हे लक्षात ठेवावे.

या पाच गोष्टी आजच्या मागण्यांशेजारी ठेवून पाहाव्यात. शक्तीप्रमाणे काम म्हणजे कामाचे ठरलेले तास व ठरलेली यादी. अन्न-वेतन म्हणजे योग्य पगार. शुश्रूषा म्हणजे आजारपणाची भरपगारी रजा व औषधपाणी. गोडधोडात वाटा म्हणजे बोनस. वेळेवर सुट्टी म्हणजे साप्ताहिक सुट्टी. फरक एवढाच की तेथे ते धन्याचे कर्तव्य म्हणून सांगितले, आणि आज ते कामगाराचा हक्क म्हणून मागावयाचे आहे. कर्तव्य चुकले तर उपदेश करता येतो, हक्क डावलला तर दाद मागता येते.

५. लढा कसा उभा राहिला?

महाराष्ट्रातील या लढ्याचा महत्त्वाचा टप्पा पुण्यात आहे. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला. पगारवाढ आणि आजारपणाची भरपगारी रजा या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. ज्या बायांना "तुमचा कसला संप?" म्हणून हसण्यात आले त्यांनी कामे थांबवली, मोर्चे काढले, आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. लाल निशाण पक्षाच्या कार्यकर्त्यांनी तिला बळ दिले. हजार घरांतल्या एकट्या बाया वस्तीत एकत्र येऊ शकतात हे या संपाने दाखवले. मालकाचे घर हे कामाचे ठिकाण असले तरी कामगाराची वस्ती हे संघटनेचे ठिकाण होऊ शकते, हा त्यातील मोठा शोध होता. मुंबईत १९८० च्या दशकातच जीन डेव्होस या बेल्जियमहून आलेल्या सेवाव्रती भगिनीने राष्ट्रीय घरकामगार चळवळीचे काम सुरू केले.

अनेक वर्षांच्या मागणीनंतर महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ हा कायदा झाला. बालकांच्या बाबतीत १० ऑक्टोबर २००६ पासून १४ वर्षांखालील मुलामुलींना घरकामास ठेवण्यास बंदी आली. १६ जून २०११ रोजी जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने घरकामगारांविषयीचा करार क्रमांक १८९ मंजूर केला. त्यात आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती, कामाच्या अटी समजेल अशा रीतीने आधी सांगणे, ओळखपत्रे कामगाराच्याच ताब्यात राहणे या गोष्टी आहेत. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण तो करार अद्याप स्वीकृत केलेला नाही. २०१३ च्या कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात घर हे कामाचे ठिकाण मानले गेले व घरकामगार स्त्रीचा स्पष्ट उल्लेख आला. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदेशीर चौकट कशी असावी याचा विचार करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमावी, असा आदेश केंद्र सरकारला दिला. म्हणजे घरकामगारांसाठी देशभर लागू होणारा स्वतंत्र कायदा नाही, ही गोष्ट न्यायालयानेच अधोरेखित केली.

६. कायदा काय देतो, काय देत नाही?

२००८ चा महाराष्ट्राचा कायदा हा कल्याणाचा कायदा आहे. नोंदणी झालेल्या घरकामगारास अपघातात मदत, मुलांच्या शिक्षणास साहाय्य, वैद्यकीय खर्च, दोन अपत्यांपर्यंत प्रसूतिलाभ आणि मृत्यूनंतर वारसास अंत्यविधीचा खर्च अशा तरतुदी त्यात आहेत. पुढे ५५ वर्षे पूर्ण केलेल्या नोंदित घरकामगारांना १०,००० रुपये सन्मानधन देण्याची योजनाही आली. परंतु पगार किती, तास किती, रजा किती हे तो कायदा ठरवून देत नाही.

नोंदणीची अडचणही समजून घ्यावी. काम करीत असल्याबद्दल घरमालकाचे प्रमाणपत्र मागितले जाते आणि नेमके तेच सही करून देण्यास लोक कां-कूं करतात. तरीही नोंदणी सोडू नये. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा सोसायट्यांची फाटके बायांसाठी बंद झाली आणि पुष्कळांचे पगार थांबले. २०२१ मध्ये शासनाने घरकामगारांना १,५०० रुपये साहाय्य जाहीर केले, ते नोंदणी असलेल्यांसाठी होते. कागदावर जिचे नाव नव्हते ती सरकारच्या लेखी कामगारच नव्हती.

लैंगिक छळाची तक्रार करावयाची असेल तर प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी. घरकामगाराच्या तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसल्यास समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवावयाची असते. बलात्कारासारखा गुन्हा असेल तर समितीची वाट न पाहता थेट पोलीस ठाण्यात जावे. उचल देऊन त्या बदल्यात डांबून काम करून घेतले जात असेल तर १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि त्या कायद्याने असे कर्जच रद्द ठरते. जातीवरून छळ झाला असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. वकील परवडत नाही ही सबब उरत नाही, कारण स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

आपल्या भगिनीच्या बाबतीत हाच मार्ग उपयोगी पडला. तिच्याकडे कागद एकही नव्हता. परंतु पहिल्या तीन महिन्यांचा पगार मालकाच्या खात्यातून भावाच्या खात्यावर आल्याची बँकेची नोंद होती. त्यावरून ती तेथे कामाला होती आणि पगार ९,००० रुपये होता, या दोन्ही गोष्टी सिद्ध होत होत्या. विधी सेवेच्या वकिलांनी नोटीस पाठवली. बराच पत्रव्यवहार झाला. सात महिन्यांनी ४०,००० रुपये आले. उरलेले २७,००० रुपये सोडून द्यावे असे तिच्या घरच्यांनी ठरवले, कारण पुण्याला खेटे घालण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. हा विजय आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण एका नोंदीने ४०,००० रुपये परत आणले, हे मात्र प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

७. आपली स्वतःची परीक्षा

येथपर्यंत वाचताना आपण सर्वांनी मनात स्वतःला त्या भगिनीच्या जागी ठेवले असेल. आता थोडे अवघड बोलावयाचे आहे. बाबासाहेबांच्या पुण्याईने आपल्यातील पुष्कळ जण शिकले, अधिकारी झाले, शहरात सदनिका घेतल्या. त्यांच्या घरी आज मोलकरीण येते. ती कधी आपल्याच वस्तीतून आलेली असते. तिच्या पगाराचा, सुट्टीचा, आजारपणाचा हिशेब आपण कसा ठेवतो?

डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्क येथे एका मराठी महिला राजनैतिक अधिकाऱ्यास अटक झाली. भारतातून नेलेल्या घरकामगार स्त्रीला करारात दाखवल्यापेक्षा कमी पगार दिला व व्हिसाच्या कागदांत खोटी माहिती दिली, असा आरोप होता. त्यांनी तो नाकारला. राजनैतिक संरक्षण मिळून त्या जानेवारी २०१४ मध्ये भारतात परतल्या आणि पुराव्यानिशी खटला चालून निर्णय झाला नाही, म्हणून दोष कोणाचा हे आपण ठरवू नये. अटकेची पद्धत अपमानास्पद होती, त्याचा निषेध योग्यच होता. पण त्या दिवसांत देशभर जी चर्चा झाली तीत अधिकाऱ्याच्या सन्मानाविषयी जेवढे बोलले गेले, त्याच्या एक आणाही त्या कामकरी बाईच्या पगाराविषयी बोलले गेले नाही. आपल्यातही वेगळे घडले नाही. आपला माणूस खुर्चीवर आहे की फरशीवर, यावरून आपली न्यायबुद्धी बदलत असेल तर ती न्यायबुद्धी नव्हे.

अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत, त्यांत प्राणिमात्रांचा, म्हणजे माणसांचाही व्यापार येतो. गावातून मुलगी नेऊन शहरात ठेवणारा आणि तिच्या पगारातून दलाली खाणारा माणूस आपल्या नात्यातील असला तरी त्याला थारा देऊ नये.

८. काय करावे?

कामास जाणाऱ्या भगिनीने निघण्यापूर्वी मालकाचे पूर्ण नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक घरी लिहून ठेवावा. नेणाऱ्या मध्यस्थाचेही नाव लिहावे. पगार, काम, सुट्टी हे तीन मुद्दे साध्या कागदावर लिहून मालकाची सही घ्यावी. सही देत नसतील तर निदान मोबाईलवर तसा संदेश मागून घ्यावा. पगार दर महिन्याला स्वतःच्या बँक खात्यावरच घ्यावा, "जपून ठेवण्यास" देऊ नये. आधारकार्डाची प्रत द्यावी, मूळ कार्ड देऊ नये. आठवड्यातून एक ठरलेला दिवस घरी फोन करावा. तो दिवस चुकला तर घरच्यांनी चौकशी करावी. संकटात ११२ क्रमांक, आणि लहान मुलांसाठी १०९८ क्रमांक पाठ असावा. चौदा वर्षांखालील मुलीला कोणाच्याही घरी कामाला धाडू नये, नातेवाईकाच्या घरी "शिकायला" म्हणून धाडताना तर दुप्पट चौकशी करावी.

संस्थेने विहारात एक वही ठेवावी. गावातून कोण, कोठे, कोणाकडे कामास गेले याची नोंद त्या वहीत असावी. कार्यकर्त्यांनी महिन्यातून एकदा प्रत्येकीला फोन करावा. खर्च काहीच नाही, पण मालकाला कळते की या बाईच्या मागे कोणीतरी विचारणारे आहे. शिकलेल्या मुलांनी नोंदणीचे अर्ज भरून द्यावेत.

आणि ज्यांच्या घरी मोलकरीण येते त्या आपल्या बंधुभगिनींनी एक महिना सिगालोवाद सुत्तातील पाच कर्तव्ये भिंतीवर लावून आपला हिशेब तपासावा. काली उशिरा उठली त्या दिवशी आपण काय केले, एवढाच प्रश्न स्वतःस विचारावा.

चर्चेसाठी प्रश्न

१. "बाई तशा चांगल्या होत्या" या वाक्यात हक्क आणि मेहेरबानी यांतील कोणता फरक दिसतो?

२. सिगालोवाद सुत्तातील पाच कर्तव्यांची आजच्या कोणत्या मागण्यांशी सांगड घालता येते? प्रत्येकीचे एक उदाहरण द्या.

३. कामगार कायद्यांच्या कक्षेबाहेर घरकामगार का राहिली? कारखाना आणि घर यांतील फरक सांगून उत्तर लिहा.

४. आपल्या ओळखीतील घरकाम करणाऱ्या एका भगिनीशी बोला. तिचा पगार, तास, सुट्टी आणि नोंदणी यांची माहिती, तिचे नाव न लिहिता, पुढील बैठकीत सांगा.